पसंतीक्रम

मे दोन हजार अकरा, शुक्रवार, हॅलिफॅक्स.
बॅडमिंटनच्या कोर्टावर मांडलेली लांब टेबलं,
अंगठ्याला रबरी टोपी,
पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे.
शेजारी वॉल्टर अकरॉइड, गालिच्याच्या गिरणीतला.
गिरणी कधीच बंद पडली,
बोटं अजून धागे मोजल्यासारखी चालतात.
मी इचलकरंजीची, मागांच्या खडखडाटात वाढलेली.
दोघांनाही जरा मोठ्यानेच बोलायची सवय,
आणि इथे बोलायला मनाई.

प्रश्न एकच होता:
खासदार निवडायची रीत बदलायची का?
आत्ताची रीत घोड्यांच्या शर्यतीची,
ज्याचं नाक आधी खांबापाशी तो जिंकला,
मग शंभरातले पासष्ट जण दुसरीकडे बघत असले तरी.
नव्या रीतीत नावांपुढे आकडे घालायचे,
एक, दोन, तीन.
तळाचा गळाला की त्याची मतं
उरलेल्यांच्या पदरात, जशी ज्याची पुढची पसंती.

वर्षभरापूर्वी लंडनमध्ये दोन पक्षांनी संसार थाटला होता.
धाकट्याने बोलणीतच हे मतदान मागून घेतलं,
आणि थोरला आता गावोगाव सांगत होता, देऊ नका.
नवल नाही.
याद्यांवर सह्या झाल्या की वरपक्ष असाच बदलतो.

साडेपाचला माझ्या हातात एक कागद आला.
‘हो’पुढे एक, ‘नको’पुढे दोन.
फुली नाही,
नीट, शाळकरी वळणाचे आकडे.
वॉल्टरने चष्मा कपाळावर सरकवला,
संशयित मतांच्या ट्रेकडे बोट केलं.
मी तो कागद लगेच सोडला नाही.

आमच्या अण्णांची एक वही होती,
पुढून सुताचे भाव, मागून माझी स्थळं.
एक: पुणे, बँक.
दोन: बेळगाव, डॉक्टर.
तीन: हॅलिफॅक्स, इंजिनिअर, आणि एक प्रश्नचिन्ह.
पहिला पत्रिकेत गळाला.
दुसऱ्याच्या आईला माझा रंग चालेना, अनामत जप्त.
तिसऱ्याचं पत्र आलं तेव्हा आत्या म्हणाली,
तीन तिघाडा, काम बिघाडा.
अण्णांनी प्रश्नचिन्ह खोडलं,
माझं मत विचारल्यासारखं केलं,
मी दिल्यासारखं.

तेवीस वर्षं झाली, सरकार पडलेलं नाही.
एकदा पडता पडता राहिलं,
कशावरून ते दोघांनाही आठवत नाही.
म्हणजे, आठवतं.

निवडणूक अधिकारी बाई आल्या,
चार पक्षांचे चार प्रतिनिधी वाकून बघू लागले.
बाईंनी कागद उलटा केला, सुलटा केला,
मतदाराचा हेतू स्पष्ट नाही, म्हणाल्या, आणि शिक्का मारला.
मला तर त्या हॉलमध्ये
त्याच्याइतकं स्पष्ट कुणीच बोललेलं वाटलं नाही:
हे हवं आहे.
नाही मिळालं तर तेही निभावून नेईन.

‘नको’चे गठ्ठे टेबलाच्या कडेपर्यंत आले.
वॉल्टर इलास्टिक बोटाला गुंडाळत पुटपुटला,
चौसष्टपासून एकाच पक्षाला देतोय,
एकदाही माझा माणूस आला नाही.
मी बघितलं त्याच्याकडे.
सवय होते, लव्ह, म्हणाला,
आणि पुढचे पंचवीस ओढले.

घरी आले तर नवरा आमटी ढवळत होता.
काय लागलं?
नको.
त्याने मान हलवली, जणू माहीतच होतं.
मी कोट न काढताच विचारलं,
तुझ्या आईच्या डायरीत माझा नंबर कितवा होता रे?
पळी थांबली.
बिनविरोध, म्हणाला.

खोटं.
सासूबाईंनीच सांगितलंय मला. चौथा.
पण आघाडीचा धर्म म्हणून मी काही बोलले नाही.
आमटीत मीठ कमी होतं, तेही.