जेर, जबर

अल हाफाच्या बाजारात माझं फ्रेमचं दुकान.
आयती, लग्नाचे फोटो, धंद्याचे परवाने,
सगळ्याला मी चौकट देतो, काच देतो, मागून खिळे.
बखीत पत्रं घेऊन आला आणि म्हणाला,
चौकट नको. वाचून दाखव.

डोळ्यांत दूध पसरलेलं. मुलगा मस्कतला. नातवंडांना घाई.
मी म्हटलं, बाबा, मला बाजारातले आकडे येतात,
अरबी येत नाही.
अक्षरं येतात ना?

अक्षरं येतात.
हर्णैला मशिदीमागे, वाळत घातलेल्या सोड्यांच्या वासात
मोलवीसाहेबांनी छडीने शिकवली.
अर्थ पुढच्या इयत्तेत होता,
त्याआधी माझा पासपोर्ट निघाला.

तर दर गुरुवारी, मगरिबनंतर, शटर अर्धं खाली.
दूधपावडरीच्या डब्यांत लढाईतली पत्रं,
ह्याच डोंगरावरची, ह्याच किनाऱ्यावरची.
अर्धं घर वर गेलेलं, अर्धं सरकारच्या पगारावर,
आणि दोघांच्या चिठ्ठ्या नेणारी बाई एकच,
शेळ्या हाकणारी.
सिगारेटच्या चंदेरी कागदावर लिहिलेलं,
तांदळाच्या गोणीच्या चिंधीवर,
एक तर काडतुसांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर.

चाळीस वर्षं तो ती विकत घेत हिंडला.
एका पत्राला शेळी दिली, एकाला खंजीर.
एका पोराला अल्बमसाठी तिकीटच हवं होतं:
ह्याने ते वाफेवर सोडवून दिलं, पत्र ठेवलं,
दोघांनाही वाटलं, समोरचा फसला.

खरीफाच्या धुक्यात कागद मऊ पडतात.
कसर लागू नये म्हणून डब्यात लोबानाचे खडे.
तरी लागतेच.
आमच्यात किड्यालाही कसर म्हणतात, राहून गेलेल्यालाही,
असं मी त्याला सांगितलं.
तो हसला नाही. झाकण लावलं.

मी वाचतो.
माझ्या तोंडून कुणी पीठ मागतं,
कुणी मुलीचं नाव कळवतं,
हे मला त्याच्या चेहऱ्यावरून समजतं, जरा उशिरा,
लांबच्या बोटीवर हातोडा पडताना दिसावा
आणि ठोका मागून यावा, तसं.

सिपाऱ्यात जेर-जबर असतात. पत्रांत नसतात.
लढाईत कोण बसणार मात्रा द्यायला?
मी अंदाजाने स्वर घालतो, तो दुरुस्त करतो,
पोराच्या सदऱ्याची गुंडी लावावी तसा, न बघता.

परवा तळातली चिठ्ठी. त्याच्या धाकट्या भावाची, महादची.
बडा काफ, ते, लाम. पुढे नाव: सुहैल.
त्यापुढचं सगळं कसरीने खाल्लेलं.

मी वाचलं, कतल.
हा एक शब्द मला कळला.
आमच्याकडे येताना त्याने एक त जास्त आणला.
बखीतने हात वर केला.
मी घाबरून बदललं, पेश, जेर: कुतिल.
हात तिथेच.

मग मोडक्या हिंदीत म्हणाला,
पहिलं वाचलंस तर सुहैलने मारलं.
दुसरं वाचलंस तर सुहैलला.
थोरला होता. वर गेला होता.
परत कुणीच आलं नाही. महादही.

म्हणजे चाळीस वर्षं लोकांच्या घरची पत्रं ह्यासाठी,
कुणीतरी कुठेतरी
ते वाक्य पुरं केलं असेल म्हणून.

मी ने आणि ला घेऊन गप्प बसलो.
माझ्या भाषेत लिहिणाऱ्याला सुटका नाही,
दोनातलं एक नावाला जोडावंच लागतं.
बाहेर कुणीतरी शहाळं फोडत होतं.

कसं वाचू? मी विचारलं.
नुसती अक्षरं.

बडा काफ.
ते.
लाम.
सुटी सुटी, मोलवीसाहेबांपुढे म्हणायचो तशी,
छडी कुठे पडणार ते न कळता.

त्याने पुढचा डबा सरकवला.
झाकण गंजून बसलं होतं.
मी पेचकस शोधू लागलो.