फी भरलेली आहे

पावणेसहाला नळ. सहाला दूध.
साडेसहाला ईशान, एक डोळा अजून मिटलेला,
कोनमापक हरवला म्हणून
घरातल्या एकेकाला आरोपी करत.
तुझं तू शोध, म्हणाले मी.
जरा जोरातच म्हणाले.
सापडला तो अण्णांच्या गोळ्यांच्या डब्यात.
रात्री झोप येईना, तेव्हा अण्णा, वय एक्याऐंशी,
घड्याळाच्या काट्यांमधला कोन मोजत बसले होते म्हणे.

हेमंतच्या कमरेचा पट्टा मी आवळून देते.
अजून एक भोक, तो म्हणतो,
आणि ताठ उभा राहतो, शाळेच्या रांगेतल्यासारखा.
मेथी, पोळ्या, लोणच्याची फोड.
किल्ली कुठाय. किल्ली हातात आहे.

प्रयोगशाळेत आज एकशे चौदा बाटल्या:
घाटला, गोवंडी, चिता कॅम्प, लाल डोंगर.
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी, गल्ली, वेळ.
पूड टाकायची, हलवायचं, बघायचं.
गुलाबी झालं की क्लोरीन आहे, प्या.
एक बाटली गुलाबी होईना.
पुन्हा केली. होईना.
पत्र लिहिलं, दोन सह्या आणल्या,
तावडे म्हणाले, उद्या माणूस पाठवू.
ते आज पिणारेत, मी म्हणाले.
माणूस निघाला.
निघाला असं तावडे म्हणाले, एवढंच मला माहीत.

गोल्फ हा काही माझा खेळ नव्हे.
अण्णा रिफायनरीत होते तेव्हाचं ते सभासदत्व,
मग हेमंतच्या नावावर आलं,
मग हेमंतच्या मणक्यातली गादी सरकली,
आणि सासूबाई, त्यांच्या शेवटच्या वर्षी,
हिशेबाच्या वहीतून मान वर न करता बोलल्या:
फी भरलेली आहे. कुणीतरी जा.

तर मी जाते. मंगळवारी,
उजेड पुरेल तेवढे होल.
अण्णांच्याच काठ्या, एक इंच खाली धरून;
उजव्या हाताला मेथीचा वास असतोच.
कुंपणापलीकडे चिमण्या धूर सोडतात,
गवतावर टिटवी आपल्यावरच ओरडते.
सेल्वम माझ्याहून बारा वर्षांनी लहान,
बोलतो मात्र मास्तरासारखा:
मॅडम, डोकं खाली. बॉल कुठं गेला ते मी बघतो.
तुम्ही नाही बघायचं.

दिवसभर बघण्याचा पगार घेते मी.
इथे न बघण्याची फी.

चौथ्याला एकदा लागला बरोबर.
हाताला काही कळलंच नाही, फक्त एक टक्,
सुपारी फुटावी तसा.
मी डोकं खालीच ठेवलं, उखडलेल्या मातीकडे.
सेल्वम नुसता हं म्हणाला.
तेवढ्यावर पुढचे तीन होल वाईट खेळले मी,
खुशीत.

सातव्याला तळं. बॉल तळ्यात.
पाणी हिरवंगार, कडेला शेवाळ.
यात क्लोरीन शून्य, मी सेल्वमला सांगितलं.
बेडकांना विचारा, तो म्हणाला.
सहा चाळीसला सगळं राखाडी झालं
आणि आम्ही उखडलेली ढेकळं जागेवर बसवत,
पायानं दाबत परत आलो.
घाटल्याची फांदी होती ती की लाल डोंगराची?
बाटलीचा नंबर आठवत होता, गल्ली आठवेना.

घरी खिचडी, कुकर हेमंतनं लावलेला.
अण्णांचा घास हवेत थांबलेला: सातव्याला?
तळ्यात.
वा, म्हणाले अण्णा, मनापासून.
तिथे वारा फसवतो. चौऱ्याऐंशी साली
मी एका संध्याकाळी पाच घालवले होते.
मागच्या मंगळवारी ते चार होते.

मशीन लावण्याआधी हेमंत माझे खिसे उलटे करतो:
तीन लाकडी टी, एक बाटलीचं झाकण.
टी जातात सॉसच्या रिकाम्या बाटलीत.
एकानं बेसिनमागचं भोक बुजवलंय,
एक तुळशीत मिरचीच्या रोपाला आधार.

तावड्यांचा फोन आला नाही.
मी केला. लागला नाही. पुन्हा करेन.

अण्णांच्या खोलीत दिवा आहे.
कोनमापक मागून घेतलाय त्यांनी ईशानकडून,
सकाळी सहाला परत, या अटीवर.
अकरा वाजले, आतून आवाज येतो,
तीस अंश. बरोबर तीस.