उचंत खाते

बायोडेटात दोन तारखांच्या मध्ये
एक आडवी रेघ आहे.
झेरॉक्सवाल्याने विचारलं, इथं काही सुटलंय काय?
म्हटलं, असू दे.

कुडचड्याहून केपे, केप्याहून कुंकळ्ळी,
तिथून बेतूलची बस.
माझ्या बाकावर रिकाम्या पाट्या घेऊन दोघी जणी.
त्यांना कुणी विचारत नाही,
मासेमारी बंद होती तेव्हा काय करत होता म्हणून.

बर्फाच्या कारखान्याचं ऑफिस म्हणजे
एक टेबल, कापड टाकलेला संगणक,
सायबिणीपुढे मिणमिणता बल्ब
आणि भिंतीतून झिरपणारी थंडी.
एवारिस्त रिबेलोंनी चष्मा कपाळावर सरकवला.
अनुभव, अकरा महिने.
खाणीच्या वजनकाट्यावर, ट्रकांच्या पावत्या.
"आनी मागीर? सात वर्सां कितें केलें गो बाये?"

याचं उत्तर मी आरशासमोर पाठ केलं होतं,
'कौटुंबिक जबाबदारी' हा शब्द घालून.
ते आठवलंच नाही.

पहिली दोन वर्षं वाट बघितली.
खाण उद्या सुरू होणार होती, रोज.
दारासमोर भावाचा ट्रक,
त्याच्या टायरांतली हवा चतुर्थीला गेली ती गेली.

पुढची चार बाबांची.
मंगळवार, शुक्रवार डायलिसिस,
आणि दिवसाला पाऊण लिटर पाणी,
त्यातच चहा, त्यातच पेज.
लांब वहीत मी दोन रकाने आखले,
डावीकडे आत गेलेलं, उजवीकडे बाहेर आलेलं.
बाबा चोरून बर्फाचा खडा चोखायचे.
तोही मी धरायची, वीस मिली.

सातव्या वर्षी मी काहीच केलं नाही.
दुपारी झोपायची. संध्याकाळीसुद्धा.
त्याचं व्हाउचर नाही.

यातलं काही बोलले नाही.
एवढंच म्हटलं, घरचा हिशेब होता.

त्यांनी खण ओढला.
रबरबँडातली बिलं, कीर्द, खतावणी,
आणि तेरजेचा कागद,
दोनशे सत्तर रुपयांनी न जुळणारा.
आधीच्या मुलाने ते उचंतीला टाकून
नोकरी सोडली होती.
उचंत खातं:
ज्या रकमेला अजून घर मिळालेलं नाही
तिला रात्रीपुरती पडवी.

दोन आणि सात, नऊ.
नवाने भाग गेला की समजावं, आकड्यांनी जागा बदलल्यात.
हे बोटांना आधी आठवलं, मला नंतर.
पावणेदोन तास.
पलीकडे लाद्या फुटत होत्या,
माझी नखं निळी पडली.
डिझेल, कीर्दीत आठ हजार सहाशे तीस.
खतावणीत आठ हजार तीनशे साठ.
पेन्सिलीने गोल केला
आणि पेन्सिल जिथली तिथे ठेवली.

रिबेलो त्या गोलाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "सोमारासावन यो. तीन म्हयने पळोवया."

दारापर्यंत गेले, परत फिरले.
पगार?
त्यांनी आकडा सांगितला.
मी त्यावर आठशे चढवले.
आत एक अख्खी लादी घसरत गेली
आणि कशावर तरी आदळली.
"पांचशें," ते म्हणाले.

रात्री लांब वही काढली.
बाबांची शेवटची नोंद:
चहा, ऐंशी मिली.
खाली एक ओळ कोरी सोडून लिहिलं,
बस, जाता-येता, शहाण्णव रुपये.
कुठल्या रकान्यात, ते क्षणभर कळेना.
मग उजवीकडे.