पाव टक्का

सनदी मॅडमनी सांगितलं, केरबा, मीठ खड्याचं आणा,
आयोडीनवालं नको.
लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानदार म्हणाला,
कैऱ्या घालताय व्हय?
म्हटलं, न्हाई, जनावरं हाईत. लई बारकी.
तो हसला, आणि मूठभर जास्तच घातलं.

एकतीस वर्षं या कॉलेजात मी गवत उकळतोय.
उकळून, गार करून, त्यात कोटितीर्थाच्या कडेचं वाटीभर पाणी,
मग चार दिवस कपाटात.
वास सुटला की समजायचं, आलीत.
पायताणाच्या आकाराची, एका पेशीची,
अंगभर केस, आणि पोटात दोन खिडक्या
उघडतात, मिटतात,
आत शिरलेलं पाणी बाहेर फेकतात.
पुस्तकात नाव आहे संकोचशील रिक्तिका.
मी मोट म्हणतो. माझा आजा हाकायचा,
त्यालाही थांबायची सोय नव्हती.

अर्शिया मुजावर डोळा लावून मोजते,
मी घड्याळ धरतो.
साध्या पाण्यात मिनिटाला सहा.
पाव टक्का मिठात तीन.
अर्ध्या टक्क्यात काटा एक फेरा मारून आला
तेव्हा कुठं एकदा.
एक टक्का घातलं
आणि कडेला खाच पडली, अंग आत ओढलं गेलं,
भिंगातल्या मोजपट्टीवर बावीस घरं भरायची
ती सतरावर आली, मग केस थांबले.
तिनं वहीत लिहिलं : मृत्यू, चार मिनिटं.
पेनाचं टोपण हातातच राहिलं तिच्या.

आमच्या हौसाच्या दोन्ही खिडक्या
गेल्या दिवाळीपासून बंद आहेत.
मंगळवारी आणि शुक्रवारी सीपीआरला मशीन.
जाताना साडेबावन्न, येताना पन्नास.
अडीच किलो नुसतं पाणी,
म्हणजे माझी एक घागर
ती अंगात घेऊन जिना चढते.
डॉक्टर म्हणाले, मीठ तोडा.
कोल्हापुरात! पांढऱ्या रश्श्याच्या गावात!
पहिल्या दिवशी तिनं ताट सरकवलं,
म्हणाली, ह्यापरीस मशीन बरं.

तेव्हा अर्शियाची दुसरी नळी चालू होती.
त्यात एकदम काही घालायचं नाही.
रोज एक थेंब. रविवारीही;
रविवारी मी यायचो, किल्ली माझ्याकडंच.
एकोणीस दिवसांनी त्या नळीत अर्धा टक्का मीठ झालं
आणि ती हिंडत होती.
लहान झालेली, मंद,
पण कापसाच्या तंतूंमधून वाट काढत होती.
त्या संध्याकाळी घरी येऊन
मी आमटीतलं मीठ एक चिमूट कमी केलं.
तिला सांगितलं नाही.
पुढच्या आठवड्यात अजून एक.

मग मॅडम म्हणाल्या, आता यांना परत गोड्या पाण्यात सोडा.
मला वाटलं, घरी आली, सुखावतील.
ती फुगली.
पायताणाची गोल पुरी झाली,
मोट जोरजोरात चालली, पुरली नाही,
आणि एकेक फुटत गेलं, आवाज न करता.
सगळी नाही. काही राहिली.
कुठली राहतात ते मॅडमनाही माहीत नाही,
मी विचारलं होतं.

परवा भावकीत जावळ होतं.
हौसानं नको म्हणता म्हणता
बोटभर रस्सा जिभेला लावला
आणि पदरात तोंड पुसलं.
खारट हाय की ओ, म्हणाली, कसं खात्यात ही माणसं?
जाऊबाई चपापली. मीठ नेहमीचंच होतं.
मी ताटाकडं बघत जेवत राहिलो.

उरलेलं मीठ कॉलेजातच आहे,
फॉर्मालिनच्या बरणीमागं, कागदाच्या पुडीत.
पावसाळ्यात पाणी सुटतं त्याला.
घरी न्यायचं तर ठेवू कुठं?

रात्री पाय दाबताना हौसा विचारते,
आज किती मेली तुमची?
बोट रुतवलं की नडगीवर खड्डा पडतो,
भरून यायला वेळ घेतो.
तो भरेपर्यंत मी गप्प असतो,
मग जगलेल्यांचा आकडा सांगतो.