उल्काच्या चपला

किल्लीसोबत उल्काने यादी दिली:
कासवाला काकडी, तुळशीला तांब्याभर पाणी,
वारा सुटला तर गच्चीचं दार लाव.
फिरायला जा, असं कुठेच लिहिलं नव्हतं.

तरी निघते. चपला तिच्याच, एक नंबर मोठ्या,
मुहर्रकच्या गल्लीत फटक फटक वाजतात.
मार्च आहे. पुढच्या महिन्यात ऊन
सगळ्यांना एसीत कोंडेल,
म्हणून म्हातारे दारात खुर्च्या टाकून बसलेत,
उरलासुरला गारवा पुरवून पुरवून वापरत.

देशी बदामाची लाल पानं
कुणाच्यातरी गाडीच्या टपावर.
निळ्या दारापाशी डावीकडे वळायचं, हे पाठ केलं होतं.
निळी दारं तीन निघाली.
मग काय, तिन्हीकडे वळून पाहिलं.
एकीकडे समुद्राचा वास आला, समुद्र नाही.

कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये कुंजुमोन
पुदिन्याची जुडी देताना
माझ्या पायांकडे बघतो,
आणि मोडक्या हिंदीत विचारतो:
कासव जेवतंय ना?

परतते, तर कासव जागेवर नाही.
अख्खं अंगण धुंडाळलं.
सापडलं फाटकाशी,
मान लांब करून
गल्लीकडे बघत.
काकडी तशीच.