लाल पेन

आमच्यात नावावरूनच कळतं, कोण कितवं.
मी काबुघो, म्हणजे तिसरी मुलगी.
माझा नवरा मासेरेका, तिसरा मुलगा.
दोन तिसऱ्यांचं लग्न झालं आणि वाट्याला आला
रुवेन्झोरीच्या उतारावरचा
थोरल्यांनी नको म्हटलेला तुकडा,
इतका उभा, की भोपळा लावला
तर तोडायला खालच्या शेजाऱ्याकडे जावं लागतं.

मंगळवारी चर्चच्या व्हरांड्यात आम्ही चित्रं काढतो.
मला येत नाही, असं सगळेच म्हणतात.
म्हातारा थेंबो म्हणाला, कोंबडीनं उकिरडा उकरावा
तशी माझी रेघ.
आणि पहिला कागद त्यानंच ओढला.
नियम एकच : अक्षर लिहायचं नाही.
लिहिता येणारे दोघंच होते आमच्यात,
तेच त्या दिवशी सगळ्यांच्या मागे राहिले.

काढायचं होतं सरलेलं वर्ष.
इथुंगुनं शेत काढलंच नाही, वाट काढली.
ओढ्यापासून घर, घरापासून शेत,
शेतापासून सरपणाला, तिथून पुन्हा ओढा.
वाट कागद संपवून चटईवर उतरली,
आम्ही दुसरा कागद जोडला, मग तिसरा.
शेवटी कोपऱ्यात उरलं शेत,
अंगठ्याच्या नखाएवढं.
"मी शेतकरी नाहीच गं," ती म्हणाली,
"मी नुसती चालणारी."
तिच्या नवऱ्यानं ती वाट वितीनं मोजली.
एकदा मोजून पटलं नाही,
पुन्हा मोजली.

माझ्या नवऱ्यानं कॉफीचं झाड काढलं.
पानं जोडीजोडीनं, समोरासमोर, जशी असतात तशी.
कधी पेन न धरलेल्या माणसाचा हात इतका हळू चालला
की दुपार कलली.
मग फळं. सगळी हिरवी.
"लाल पेन चालतंय," मी टोपण काढून पुढे केलं.
त्यानं ते घेतलं, नुसतं धरून बसला.
"लावू कुठं? किती वर्षं झाली,
माझ्या झाडावर लाल फळ मी बघितलेलं नाही."

खरंच होतं.
पिकू दिलं तर रात्री चोर नेतो,
म्हणून आम्ही हिरवंच ओरबाडतो.
आम्ही तोडलं की शेजारी तोडतो,
त्यानं तोडलं की त्याच्या वरचा.
व्यापारी पोत्यात हात घालतो, तोंड वाकडं करतो,
अर्धा भाव हातावर टेकवतो.
हे माहीत नव्हतं असं नाही.
पण माहीत असणं वेगळं,
आणि कागदावर असं हिरवंगार
समोर येऊन बसणं वेगळं.

"मग चोर काढ की," थेंबो म्हणाला,
"एवढं वर्ष काढलंस, तोच कसा नाही त्यात?"

त्यानं चंद्र काढला. पाठीवर पोतं.
फांदीवर हात.
चेहऱ्याशी येऊन अडला.
चोराचं तोंड कुणी पाहिलंय?
म्हणून तोंडावर टोपी ओढली.
टोपीची कड डावीकडे फाटकी,
शेळीनं चावल्यासारखी.

आमची धाकटी मान वाकडी करून बघत होती.
"बाबा, ही तर तुमची."
टोपी त्याच्या गुडघ्याशीच पडली होती.
थेंबो हसायला लागला
आणि मध्येच थांबला,
कारण त्याच्याही पोत्यात
आजवर लाल काही गेलं नव्हतं.

घरी जाताना त्यानं कागदाची गुंडाळी काखेत धरली.
टोपी हातात. डोक्यावर नाही.
मी काही बोलले नाही,
उतारावर तसंही बोलायला दम पुरत नाही.

त्या गडबडीत टोपण लावायचं राहिलं.
सकाळी बघते तर लाल पेन वाळून गेलेलं.
येत्या मंगळवारी नवं आणू.
झाडाला अजून बावीस दिवस हवेत.
बावीस, हे त्यानं बोटांवर मोजलं रात्री,
कुजबुजत, दोन वेळा चुकत,
मी झोपले आहे असं समजून.