बारा हात

अकराव्या रांगेतल्या माणसाला शत्रू दिसत नाही.
मला दिसायची ती लिम्नायोसची मान,
उन्हाने रापलेली, डाव्या कानाखाली चामखीळ.
तिच्या मागे मागे मी अख्खं थेसाली चाललो.

भाला बारा हात. दोन्ही मुठी त्यातच अडकलेल्या,
ढाल गळ्यात, लोढण्यासारखी.
पुढच्या पाच रांगांचे भाले आडवे,
आमचे तिरके, आभाळाकडे;
वरून आलेले बाण त्या रानात खडखडत विझायचे.
सपाट माळावर आम्ही निघालो
की समोरची घोडीसुद्धा माना फिरवत.
"अंतर राखा!" नायक ओरडायचा.
तेवढीच आमची विद्या.

मग तो ओढा आला.
नाव नव्हतं त्याला, गुडघाभर पाणीही नव्हतं.
काठावर नासपतीचं एक वेडंवाकडं झाड.
डावीकडच्यांनी झाडाला वळसा घातला,
आम्ही सरळ गेलो.
मध्ये फट पडली,
जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी.

तिच्यातून आखूड तलवारी आत शिरल्या.
वळायला हवं होतं.
पण माझं बारा हात लाकूड
शेजाऱ्याच्या बारा हात लाकडात गुंतलेलं.
लिम्नायोसने भाला टाकला आणि मागे पाहिलं.
रांगेत असताना त्याचं तोंड
मला तेव्हाच एकदा दिसलं.

आता बेरोयाच्या वर, उतारावर, माझे अक्रोड आहेत.
भाल्याचा मागचा तुकडा तेवढा उरलाय,
नातू त्याने फांद्या झोडपतो.
"पुरत नाही, आजोबा. आणखी लांब हवा होता."

मी म्हणतो, झाडाला फेरी मारून बघ.